अकरा मिनिटांची अंतराळवारी

१४ एप्रिल २०२५. आंबेडकर जयंतीची सुट्टी, त्यामुळे हॉस्टेल निम्मं रिकामं. संध्याकाळी सातला मेसमध्ये आम्ही चार-पाच जणी एका मोबाईलवर डोकी घालून बसलो होतो. तिकडे अमेरिकेत, वेस्ट टेक्सासमधून, 'ब्लू ओरिजिन' कंपनीचं 'न्यू शेपर्ड' रॉकेट सहा बायकांना घेऊन उडालं. त्यात गायिका केटी पेरी होती, टीव्हीवरची पत्रकार गेल किंग होती आणि कंपनीचे मालक जेफ बेझोस यांची होणारी बायको लॉरेन सांचेझ होती. रॉकेटने शंभर किलोमीटरची रेघ ओलांडली आणि कॅप्सूल पॅराशूटवर लटकत खाली आलीसुद्धा. खरं तर साडेदहा मिनिटंही झाली नव्हती, पण बातम्यांमध्ये त्याची अकरा झाली.

माझी रूम पार्टनर म्हणाली, "एवढ्या वेळात आपला पोळीचा नंबरपण लागत नाही!" सगळ्या हसलो. पोळ्या वाढणाऱ्या मावशी मागून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "काय गं, ह्या बाया पगार घेऊन गेल्या का पैसे भरून?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कुणी किती भरले, कोण पाहुणी म्हणून गेलं, हे कंपनीने सांगितलंच नव्हतं. पुढचे आठ दिवस या उड्डाणावरून जगभर टिंगल चालू होती, आमच्या वर्गातही. आणि मावशींचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. आता वाटतं, लोक अशा उड्डाणांवर एवढे का चिडतात (किंवा खूष का होतात) याची किल्ली त्या प्रश्नातच आहे.

आधी शास्त्र बघू, कारण निम्म्या शिव्या शास्त्र न कळल्यामुळे पडतात. ही उड्डाणं 'सबऑर्बिटल', म्हणजे उपकक्षीय असतात. चेंडू सरळ वर फेकला की वर जातो, क्षणभर थांबतो आणि खाली येतो, तसंच. पृथ्वीभोवती फिरायचं असेल तर नुसतं उंच जाऊन भागत नाही, आडवा वेग लागतो, तोही सेकंदाला जवळजवळ ७.८ किलोमीटर. न्यू शेपर्डचा वेग सेकंदाला एक किलोमीटरच्या आसपास. फर्स्ट इयरच्या फिजिक्सने हिशोब करा. एक किलो वस्तू शंभर किलोमीटर वर न्यायला सुमारे १० लाख ज्यूल ऊर्जा लागते. तीच वस्तू कक्षेत फिरती ठेवायची तर नुसती गतिज ऊर्जाच ३ कोटी ज्यूल. तीसपट! म्हणजे राकेश शर्मा १९८४ मध्ये किंवा शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये गेले ते वेगळं प्रकरण आणि हे वेगळं.

दुसरा गैरसमज म्हणजे वर गुरुत्वाकर्षण नसतं. असतं की! शंभर किलोमीटरवर ते जमिनीपेक्षा फक्त ३ टक्क्यांनी कमी असतं. आतली माणसं तरंगतात, कारण ती आणि कॅप्सूल एकाच वेळी मोकळी पडत असतात. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलात आणि स्पीडब्रेकर आला की क्षणभर आपण सीटपासून सुटतो ना, तोच क्षण तीन-चार मिनिटं लांबवायचा. बस्स.

मग हे अंतराळ आहे की नाही? आंतरराष्ट्रीय पातळीवर बहुतेक जण १०० किलोमीटरची कारमान रेषा मानतात, तर अमेरिकेत ५० मैल, म्हणजे साधारण ८० किलोमीटर. जुलै २०२१ मध्ये यावरून छान जुंपली होती. ११ जुलैला 'व्हर्जिन गॅलॅक्टिक'चे रिचर्ड ब्रॅन्सन ८६ किलोमीटरपर्यंत गेले, २० जुलैला बेझोस १०७ पर्यंत. ब्रॅन्सन उडायच्या आधीच ब्लू ओरिजिनने टोमणा मारून ठेवला, की आमच्या प्रवाशांच्या नावापुढे तारांकन लागणार नाही. गल्लीतली पोरं 'माझा पतंग जास्त वर' म्हणून भांडतात, त्यापेक्षा हे फार वेगळं नव्हतं.

पण लोकांचा राग उंचीवर नव्हताच. कसं, ते सांगते. ५ मे १९६१ ला ॲलन शेपर्ड हा पहिला अमेरिकन अंतराळात गेला. तो कसा गेला? सरळ वर आणि खाली! पंधरा मिनिटांचं उड्डाण, उंची १८७ किलोमीटर, पृथ्वीला एकही फेरी नाही. तरी त्याची वॉशिंग्टनमध्ये मिरवणूक निघाली आणि तीन आठवड्यांच्या आत केनेडींनी चंद्रावर जायची घोषणा केली. 'न्यू शेपर्ड' हे नाव याच शेपर्डवरून ठेवलंय. म्हणजे वाट तीच, मिनिटं जवळपास तेवढीच. एकाला हार-तुरे आणि दुसऱ्याला शिव्या. फरक मावशींनी विचारला तोच. शेपर्ड नौदलाचा पगारी माणूस होता. तो देशाच्या पैशाने, देशाचं काम म्हणून, आधी कुणी अमेरिकन न बसलेल्या रॉकेटवर बसला होता.

इथे आपली भाषा इंग्रजीपेक्षा कडक आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे 'ॲस्ट्रोनॉट' हा शब्द आधी भेटला आणि 'अंतराळवीर' नंतर. ॲस्ट्रोनॉट म्हणजे शब्दशः ताऱ्यांमधला खलाशी. त्यात शौर्याचा उल्लेख नाही. आपण मात्र शब्दातच 'वीर' घालून ठेवलाय. त्यामुळे तिकीट काढून गेलेल्याला अंतराळवीर म्हणताना जीभ अडखळते. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचंही तसंच झालं असावं. बेझोस उडाले त्याच दिवशी त्यांनी नियम बदलला. नुसतं ५० मैलांवर जाऊन 'पंख' मिळणार नाहीत, उड्डाणात सुरक्षिततेला उपयोगी असं काही काम केलेलं पाहिजे. नंतर तर पंख देणंच बंद केलं.

त्या २०२१ च्या जुलैमध्ये बेझोसना पृथ्वीवर परत येऊ देऊ नका अशा अर्जावर दीड लाखाच्या वर लोकांनी सह्या केल्या होत्या. अर्थात गंमत म्हणून. पण खाली उतरल्यावर बेझोस जे बोलले त्याने गंमत संपली. त्यांनी ॲमेझॉनच्या कर्मचाऱ्यांचे आणि ग्राहकांचे आभार मानले, कारण या सगळ्याचे पैसे तुम्हीच भरलेत! बोलले ते खरंच होतं, म्हणूनच झोंबलं. ज्यांनी पैसे भरले त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेस यांनीही, लाखो लोक उपाशी असताना अब्जाधीश अंतराळात मौज करतायत, असं सुनावलं.

'गरिबांना जेवायला घाला, मग उडा' हा आक्षेप काही नवा नाही. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ सुटायच्या आदल्या दिवशी राल्फ ॲबरनथी खेचरांच्या गाड्या आणि गरीब कुटुंबं घेऊन केप केनेडीला निदर्शनं करायला आले होते. नासाचे प्रमुख थॉमस पेन स्वतः बाहेर येऊन त्यांना भेटले. उड्डाण रद्द करून गरिबी हटत असेल तर आम्ही बटण दाबणार नाही, अशा अर्थाचं ते बोलले. उत्तर पटो न पटो, पण उत्तर देणारा समोर उभा होता. आपल्याकडे विक्रम साराभाईंनाही हाच प्रश्न पडला होता आणि त्याचं उत्तर म्हणून १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० गावांत टीव्हीचे कार्यक्रम पोचले. सरकारी पैसा असला की जाब विचारता येतो. खाजगी पैशाला कुणी कुठे विचारायचं? माझ्या मते राग इथे आहे.

पण मग फक्त पैशाचाच प्रश्न आहे का? तसंही नाही. बेझोसच्या त्याच कॅप्सूलमध्ये, त्याच दिवशी, ८२ वर्षांच्या वॅली फंक होत्या. १९६१ मध्ये त्यांनी अंतराळवीरांसारख्याच तपासण्या पार केल्या होत्या, पण तेव्हा बायकांना घेतच नव्हते. साठ वर्षं थांबून त्या गेल्या, तेही बेझोसच्या पाहुण्या म्हणून. बेझोसना शिव्या घालणारे लोकही त्यांच्याकडे बघून हसत होते, कौतुकाने. पगार नाही, तिकीट नाही, पण ती जागा त्यांची होती असं सगळ्यांना वाटलं. २०२४ मध्ये ९० वर्षांचे एड ड्वाइट गेले तेव्हाही असंच झालं. साठच्या दशकात अंतराळवीर व्हायची त्यांची संधी हुकली होती, कृष्णवर्णीय म्हणून त्यांना बरंच सोसावं लागलं होतं. त्याच उड्डाणात गोपी थोटाकुरा हे पहिले भारतीय अंतराळ पर्यटकही होते.

आता स्वतःची गोष्ट सांगते, कारण दुसऱ्यावर बोट दाखवणं सोपं असतं. ब्रॅन्सनच्या उड्डाणात सिरिषा बांदला होती. आंध्रात जन्मलेली, अमेरिकेत वाढलेली, एरॉनॉटिकल इंजिनिअर आणि कंपनीची कर्मचारी. वनस्पतींवरचा एक प्रयोग तिच्याकडे होता. मी तेव्हा दहावीत. शाळा ऑनलाइन, सिस्टरनी असेंब्लीत तिचं नाव घेतलं आणि आम्ही सगळ्यांनी स्क्रीनवर टाळ्यांची खूण टाकली. तिकीट केवढ्याचं, धूर किती, कुणी एक शब्द काढला नाही. (तिकीट त्याच वर्षी साडेचार लाख डॉलर झालं, आणि ते इंजिन रबरासारखं इंधन जाळायचं, त्याची काजळी थेट वरच्या हवेत राहते. न्यू शेपर्ड हायड्रोजनवर चालतं, त्यातून मुख्यतः वाफ निघते.) नऊ दिवसांनी बेझोस गेले तेव्हा मात्र आम्हीच 'श्रीमंतांचे चोचले' म्हणून मोकळ्या झालो. आपली मुलगी असली की अभिमान, परक्याचा मालक असला की चोचले!

म्हणून एप्रिल २०२५ च्या टिंगलीचं मला नीट काही ठरवता येईना. टीका चुकीची नव्हती. अभिनेत्री ऑलिव्हिया मन आधीच म्हणाली होती, की इथे लोकांना अंडी परवडत नाहीत आणि हे काय चाललंय. तेरेश्कोव्हानंतर पहिल्यांदाच फक्त बायकांचं उड्डाण, असा गाजावाजा झाला होता. पण व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा १९६३ मध्ये एकटी जवळजवळ तीन दिवस पृथ्वीभोवती ४८ फेऱ्या मारून आली. ही तुलना ओढवून घेतली तर हसं होणारच. पण वर्गात जे विनोद चालले ते अंड्यांवर किंवा फेऱ्यांवर नव्हते. ते केसांवर, मेकअपवर आणि शेवटी आमच्यावर होते. 'वर्कशॉपमध्ये तुम्हीपण अकराच मिनिटं टिकता' वगैरे. आमच्या वर्गात मुली सातच. त्या सहा जणींमध्ये आयशा बो ही नासात काम केलेली इंजिनिअर होती, अमांडा न्गुएन अंतराळातल्या आरोग्यावर संशोधन करणारी होती. विनोद करणाऱ्यांना ही दोन नावं माहीतच नव्हती. खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही माहीत नव्हती, म्हणून मी गप्प बसले. नंतर वाचली. आता कुणी विचारलं तर सांगते.

आणि 'वीर' शोधायचेच असतील तर ते आहेत. २६ जुलै २००७ ला मोहावीत, व्हर्जिनच्या यानासाठीच्या नायट्रस ऑक्साइडच्या चाचणीत स्फोट होऊन तीन कामगार गेले. ३१ ऑक्टोबर २०१४ ला चाचणी उड्डाणात शेपटाकडची यंत्रणा वेळेआधी उघडली गेली, यान हवेत तुटलं आणि सहवैमानिक मायकेल ॲल्सबरी गेला. चौकशीत निघालं, की एका माणसाच्या एका चुकीने सगळं जाऊ शकतं, याचा विचार डिझाइन करताना पुरेसा झाला नव्हता. हे वाक्य मी माझ्या मशीन डिझाइनच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

परवा मेसमध्ये मावशींना एकदाचं उत्तर दिलं. म्हटलं, "काही जणी पाहुण्या, काहींचं माहीत नाही. पगारी मात्र कुणी नाही." त्यांनी पोळी वाढता वाढता विचारलं, "मग ज्यांनी ते विमान बनवलं, त्यांना कधी नेलं का न्हाई?"

मार्च २०२२ च्या उड्डाणात पीट डेव्हिडसन नावाचा विनोदी नट जाणार होता. त्याचं रद्द झालं, सगळ्या पेपरांत त्याचीच बातमी. त्याच्या जागी जो गेला त्याचं नाव गॅरी लाय. न्यू शेपर्डचा मुख्य रचनाकार. कितीतरी वर्षं ज्या यानावर काम केलं, त्यात हा माणूस अखेर बसला, तोही दुसऱ्याची जागा रिकामी झाली म्हणून.

मावशींना म्हटलं, "नेलं एकदा."

"मग बरं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या ताटाकडे वळल्या.