पिकल्या वयाची कातडी जपा



जमिनीचा कस, बी-बियाणे, फवारणी यांविषयी आपण नेहमी बोलतो. आज बोलायचे आहे ते घरातल्या पन्नाशी-साठी उलटलेल्या माणसांच्या कातडीविषयी. आजीच्या नडग्या रात्री खाजतात, आजोबांच्या मानेवर चट्टे उठतात, सासूबाईंच्या टाचांना रक्त येईपर्यंत भेगा पडतात. "वय झाले, चालायचेच," असे म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष करतो, किंवा दिसेल ते चोळतो. ही दोन्ही टोके वाईट. वय कोणाला थांबवता येत नाही, पण कातडीचा बराचसा त्रास थांबवता येतो आणि त्याला खर्चही फारसा नाही.

असे का होते?

वय वाढते तशा कातडीतील तेलाच्या ग्रंथी मंदावतात. बायकांच्या बाबतीत पाळी गेल्यावर हा फरक लवकर जाणवतो. कातडी पातळ होते आणि तिचा वरचा थर पाणी धरून ठेवीनासा होतो. बांध फुटलेल्या वावरात ओल टिकत नाही, तसेच हे. त्यातून बाहेरचे खारट, तिखट, रासायनिक पदार्थ सहज आत शिरतात. म्हणून तरुणपणी जे साबण, जे लेप सोसले, तेच आता झोंबू लागतात.

साबण कसा निवडावा?

माती परीक्षणात आपण सामू पाहतो. कातडीलाही सामू असतो. तो साधारण ५.५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. साबणाचा सामू मात्र ९ ते १० असतो. चोपण जमिनीत पीक जसे नेटाने येत नाही, तशी रोज अंगभर साबण चोळल्याने म्हातारी कातडी कोरडी पडते.

म्हणून पहिला नियम असा, की साबण फक्त काखा, जांघा व पाय यांना लावावा. बाकी अंगाला नुसते पाणी पुरते. शेतातून फवारणी करून आल्यावर मात्र हा नियम नाही. तेव्हा लगेच साबण लावून सर्वांग धुवावे.

साबण घेताना वेष्टन वाचा. त्यावर टीएफएम असा आकडा असतो. तो साबणातील स्निग्धांशाचा. भारतीय मानकानुसार ग्रेड १ च्या अंगाच्या साबणात तो किमान ७६ टक्के, ग्रेड २ मध्ये ७० टक्के आणि ग्रेड ३ मध्ये ६० टक्के असतो. 'बेदिंग बार' लिहिलेल्या वड्यांत तो याहून कमी असू शकतो. आकडा मोठा आणि वास कमी, तो साबण आपला. उग्र वासाचा, जंतुनाशक म्हणून खपणारा साबण कोरड्या कातडीला रोज लागत नाही. कपड्यांच्या वडीने अंग धुण्याची सवय असेल, तर ती आजच सोडा.

आंघोळ आणि तेल

बंबातले कढत पाणी अंगावर घ्यायला बरे वाटते, पण ते कातडीतले तेल धुऊन नेते. पाणी कोमट घ्या आणि आंघोळ थोडक्यात आटोपा. वजरीने पाय खसाखसा घासू नका. अंग टिपून घ्या आणि ते जरा ओलसर असतानाच तेल लावा. ओल अडवायची तर ती उडून जाण्याआधीच अडवली पाहिजे. शेतात आच्छादन आपण याच हिशेबाने करतो.

स्वच्छ खोबरेल तेल बहुतेकांना मानवते. मोहरीचे तेल झोंबते, ते नाजूक कातडीला नको. बिनवासाची पेट्रोलियम जेली स्वस्त आणि टाचांच्या भेगांना उत्तम. ती रात्री लावून वर जुने सुती मोजे घाला. तेलकट तळव्यांनी फरशीवर चालू नका, या वयात घसरून मोडलेले हाड लवकर सांधत नाही. तसेच जेली अथवा तेल मुरलेल्या कपड्यानिशी चुलीपुढे बसू नका, असा कपडा चटकन पेट घेतो.

टाचांसाठी औषधाच्या दुकानात युरियायुक्त मलम मिळते आणि ते गुणकारी असते. मात्र ते उघड्या, रक्ताळलेल्या भेगेत झोंबते. आणि गोणीतला युरिया तो खतासाठीच. तो पाण्यात कालवून पायाला लावू नये.

हे लावू नका

लिंबू, खाण्याचा सोडा, लसणाचा रस, कडुलिंबाचा जाड लेप हे घरचे म्हणून निरुपद्रवी असतात, असे नाही. बिब्ब्याचा चीक तर विस्तवासारखा. गुडघेदुखीवर बिब्बा लावून फोड व जखमा करून घेतलेली माणसे खेड्यात अजून दिसतात. जंतुनाशक औषध पाणी न घालता खाजेवर ओतू नये.

काळ्या मेंदीत व केसांच्या कलपात बहुधा पीपीडी नावाचे रसायन असते. त्याने कपाळ, कान, मान सुजू शकते. टिकलीखाली खाज येत असेल किंवा पांढरा डाग उमटत असेल, तर दोष बहुधा टिकलीच्या डिंकाचा असतो. ती टिकली लगेच बंद करा.

गाजर गवताला विसरू नका

काँग्रेस गवत, चटकचांदणी या नावांनीही आपण हे तण ओळखतो. १९५५-५६ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेत भरले आणि पुढे देशभर पसरले. त्यातील पार्थेनिन हे द्रव्य कातडीला वावडे ठरते. वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्याबरोबर येतो. म्हणून चेहरा, पापण्या, मान, कोपराची खोबण या जागी खाज सुटते. उन्हाने ती बळावते.

माझ्या कामाच्या भागातील एका साठीच्या शेतकऱ्याची मान व चेहरा दोन वर्षे खाजत होता. कातडी काळी, जाड झाली होती. दुकानातून आणलेली ट्यूब लावली की चार दिवस आराम, मग पुन्हा तेच. शेवटी जिल्ह्याच्या रुग्णालयात कारण कळले. गोठ्यामागे कमरेएवढे गाजर गवत माजले होते, आणि ते दरवर्षी तेच उपटत. मुलांनी जागा साफ केली, उपचार नीट झाले, तेव्हा त्यांना रात्रीची झोप लागू लागली.

म्हणून हे तण फुलावर येण्याआधी, ओल असताना, हातमोजे व लांब बाह्यांचा सदरा घालून मुळासकट उपटा. ज्याला एकदा वावडे झाले, त्याने या कामाला हात लावू नये. मोकळ्या जागेत तरोट्याचे बी टाकले तर तो गाजर गवताला दाबतो. हे गवत खाणारे मेक्सिकन भुंगे आपल्या देशात १९८४ साली बंगळूरला प्रथम सोडण्यात आले. पावसाळ्यात ते पानांवर दिसले तर त्यांना मारू नका.

ट्यूबचा मोह

खाज आली की दुकानदाराला सांगून ट्यूब आणायची, ही सवय घातक आहे. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही नावे ट्यूबवर दिसली तर ते स्टेरॉइड समजावे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वापरले तर ते उपयोगी आहे. मनाने महिनोन् महिने लावले तर कातडी आणखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि गजकर्ण असेल तर ते दबून पसरत जाते. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, ती उगाच नव्हे.

आधी बांधावर, मग वावरात

नवे बियाणे आपण आधी थोड्या जागेत पेरून पाहतो. नवे मलम, तेल वा साबणही तसाच पारखा. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी रोज दोनदा, आठवडाभर लावा. साबण असेल तर लावून धुऊन टाका. लाली, खाज, पुरळ काही आले नाही, तरच अंगाला वापरा. एका वेळी एकच नवी वस्तू घ्या, म्हणजे बाधले काय ते कळेल. 'नैसर्गिक', 'आयुर्वेदिक' या शब्दांवर भुलू नका. बिब्बाही नैसर्गिकच आहे.

डॉक्टरांकडे केव्हा?

घरात अनेकांना रात्री खाज येत असेल तर ती खरूज असू शकते. तेव्हा सर्वांनी एकदम उपचार घ्यावेत. पुरळ नसता अंगभर खाज टिकून राहिली, तर मधुमेह, मूत्रपिंड वा यकृताचा विकार तपासून घ्यावा. मधुमेह्याच्या पायाची भेग, न भरणारी जखम, आकार किंवा रंग बदलणारा तीळ यांना घरगुती इलाज करीत बसू नये.

सुनांनो, लेकींनो, या रविवारी एवढे करा. आजी-आजोबांच्या पाठीवर, नडग्यांवर, टाचांवर एकदा नजर टाका. त्यांचा हात पाठीपर्यंत पोचत नाही, आणि मागायचा संकोच वाटतो. आंघोळीनंतर चार थेंब खोबरेल तेल पाठीला लावून द्या. मग परसात एक फेरी मारून गाजर गवत कुठे उगवले आहे का तेही बघा.