गिरगाव, बोरिवली आणि व्हेनिस

विलायतेचा प्रवास ही एके काळी मराठी घरात खरोखरच अपूर्वाई होती, पु. ल. देशपांडे यांच्या युरोपप्रवासाचे पुस्तक १९६० साली याच नावाने निघाले. आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथे युरोप पाहून आलेले कुटुंब सोसायटीत असले, तर त्याचे नवल वाटत नाही. शिक्षकाच्या ग्रॅच्युइटीतून, कारकुनाच्या पतपेढीतील ठेवीतून ही हौस भागते. शेंगेन करारातील २९ देशांना एकच व्हिसा चालतो. साहजिकच एवढा खर्च केलाच आहे, तर जितकी शहरे पदरात पडतील तितकी पाडून घ्यावीत, असा हिशेब मांडला जातो. परंतु मे महिन्याच्या सुट्टीत दहा दिवसांत रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि पॅरिस उरकणाऱ्याच्या वाट्याला पुष्कळदा येते ती गर्दीच. आणि गर्दी पाहण्यासाठी उपनगरवासीयाने समुद्र ओलांडण्याचे कारण नाही.

ही गर्दी त्या शहरांनाही असह्य झाली आहे. व्हेनिसच्या कालव्यांमधील जुन्या शहरात १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये ही संख्या ५० हजारांच्या खाली गेली. ओल धरलेली घरे, पुराचा त्रास ही कारणे जुनीच होती. त्यांत पर्यटकांना जागा भाड्याने देण्याच्या किफायतशीर धंद्याची भर पडली. पुष्कळ कुटुंबे पुलापलीकडील मेस्त्रे या उपनगरात राहावयास गेली. २०२४ पासून व्हेनिसने गर्दीच्या ठराविक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांवर ५ युरोंचे प्रवेशशुल्क बसवले. पर्यटकांच्या एका तुकडीत २५ हून अधिक माणसे नसावीत, असाही दंडक त्याच वर्षी घातला गेला. पर्यटकांना भाड्याने दिली जाणारी घरे २०२८ पर्यंत बंद करण्याचे बार्सिलोनानेही जाहीर केले आहे.

या निर्बंधांनी कपाळाला आठ्या घालण्यापूर्वी उपनगरातील मराठी माणसाने क्षणभर विचार करावा. गिरगाव, दादर वा लालबाग सोडून बोरिवली-मुलुंड गाठलेल्या कुटुंबांना ही कथा परकी वाटू नये. ज्या गल्लीत बालपण गेले तेथे घर परवडू नये आणि रोज लोकलने तेथेच कामाला जावे, हे दुःख त्यांच्या ओळखीचे आहे.

मग प्रवास करूच नये काय? अवश्य करावा, मात्र चार शहरांऐवजी दोनच निवडून तेथे निवांत राहावे. जमल्यास मेऐवजी दिवाळीची सुट्टी साधावी. इटलीतील सरकारी संग्रहालये महिन्याच्या पहिल्या रविवारी विनाशुल्क असतात, हे ध्यानात ठेवावे. जुन्या शहरातील एखाद्या रहिवाशाच्या उपयोगी पडणारी जागा अडवण्यापेक्षा मेस्त्रेमधील साध्या हॉटेलात उतरावे. तेथे मुक्कामाचा कर भरावा लागत असल्याने व्हेनिसचे प्रवेशशुल्क माफ असते, आणि रेल्वेने व्हेनिस अवघ्या दहा-बारा मिनिटांवर आहे. सकाळच्या त्या गाडीत व्हेनिसमध्ये कामाला जाणारी माणसे भेटतील. बोरिवलीहून चर्चगेटची गाडी पकडणाऱ्याला त्यांचे चेहरे ओळखण्यासाठी इटालियन भाषा यावी लागणार नाही.