ध्रुवपद ऐकलं, कडवी राहिली
लेखांक ६

मागच्या लेखात आपण क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचं १९६९ सालचं ‘फॉर्च्युनेट सन’ ऐकलं. सक्तीची लष्करभरती म्हणायला सगळ्यांना सारखी. पण कॉलेजात नाव असलं की ती पुढे ढकलता यायची. त्यामुळे व्हिएतनामच्या वाटेला कष्टकऱ्यांची पोरं जास्त लागली. हा राग त्या बँडच्या जॉन फोगर्टीनं थेट ध्रुवपदातच भरला होता. आजचं गाणं त्याच्या नेमकं उलटं आहे. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’च्या ध्रुवपदात शीर्षकाखेरीज जवळजवळ काहीच नाही. जे सोसलंय ते सगळं कडव्यांत आहे.

कडव्यांतला माणूस एका मरगळलेल्या गावातला. लहानपणापासून मार खाल्लेला. गावात काहीतरी लफडं होतं आणि त्याच्या हातात बंदूक देऊन त्याला परमुलखात लढायला पाठवतात. परत आल्यावर तो तेलशुद्धीकरण कारखान्यात कामासाठी जातो, तर भरती करणारा माणूस हात वर करतो. माजी सैनिकांच्या कचेरीतही तेच. मग खे सानला लढलेल्या भावाची आठवण येते. १९६८ मध्ये तिथल्या अमेरिकी तळाला ७७ दिवस वेढा पडला होता. भाऊ गेला, मागे उरला तो सायगावमधल्या त्याच्या प्रेयसीबरोबरचा एक फोटो. युद्धाबद्दल गाण्यात एवढंच आहे. ना लढाईचं वर्णन, ना शांततेचं आवाहन. शेवटी तो माणूस तुरुंगाची सावली आणि कारखान्याची धग यांच्यामध्ये उभा आहे, आणि युद्धाला दहा वर्षं होऊन गेली तरी त्याला जायला ठिकाण नाही.

हे स्प्रिंगस्टीनला कुठून सुचलं? व्हिएतनाममध्ये छातीखाली लुळा पडलेल्या रॉन कोविकचं आत्मकथन त्यानं वाचलं होतं. ऑगस्ट १९८१ मध्ये लॉस एंजेलिसला त्यानं माजी सैनिकांच्या संघटनेसाठी मदतीचा कार्यक्रम केला होता. स्वतः तो शारीरिक तपासणीत नापास झाल्यामुळे युद्धावर गेला नव्हता. जे गेले त्यांचं देणं लागतो, ही भावना मला या गाण्यात सतत ऐकू येते.

जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या घरी, झोपायच्या खोलीत, साध्या कॅसेट यंत्रावर त्यानं हे गाणं आधी एकट्यानं गिटारवर ध्वनिमुद्रित केलं. ते मुद्रण १९९८ मध्ये ‘ट्रॅक्स’ या संचातून बाहेर आलं. जमलं तर तेच आधी ऐका. तिथे ध्रुवपद हुंदक्यासारखं येतं. त्याचा अर्थ चुकीचा घेणं अशक्य आहे. पुढे बँडबरोबर गाताना रॉय बिटनच्या सिंथेसायझरवर एकच सुरावट गाणंभर फिरत राहिली आणि मॅक्स वाइनबर्गच्या ड्रमचा फटका बार उडाल्यासारखा वाजू लागला. १९८४ च्या उन्हाळ्यात जगभर गेलं ते हे रूप. मुठी वर झाल्या, झेंडे फडकले आणि कडवी त्या गजरात बुडाली.

म्हणून संगीतानं शब्दांचा घात केला, असं अनेक जण म्हणतात. मला ते पटत नाही. हा माणूस दयेची याचना करत नाही. ‘मी इथलाच आहे’ असं तो पुन्हा पुन्हा ओरडून सांगतो, कारण ज्या देशानं लढायला नेलं त्यानंच कामाच्या दारातून परत पाठवलंय. हा हक्क मागायचा तर आवाज चढवूनच मागावा लागतो. तोच चढा आवाज एखाद्याला निव्वळ देशाभिमानाचा वाटला, तर त्यानं कडवी ऐकली नाहीत एवढंच.

१९ सप्टेंबर १९८४ ला राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन निवडणूक प्रचारासाठी न्यू जर्सीतल्या हॅमंटनला आले. स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांत आशेचा संदेश आहे, असं त्यांनी भाषणात सांगितलं. या गाण्याचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं, पण तेव्हा सगळ्यांच्या कानात तेच वाजत होतं.

दोनच दिवसांनी स्प्रिंगस्टीनचा कार्यक्रम पिट्सबर्गला होता. पोलादाचं शहर, तिथले कारखाने एकामागून एक बंद पडत होते, हजारो कामगार घरी बसले होते. राष्ट्राध्यक्षांना माझी कोणती ध्वनिमुद्रिका आवडत असेल बरं, असं तो मंचावरून म्हणाला. ‘नेब्रास्का’ नसावी, असंही म्हणाला. आणि त्यानं ‘नेब्रास्का’तलंच ‘जॉनी ९९’ सुरू केलं. न्यू जर्सीतल्या माहवाचा मोटार कारखाना बंद पडतो, काम गेलेला एक कामगार दारूच्या नशेत खून करतो आणि न्यायाधीश त्याला नव्व्याण्णव वर्षांची शिक्षा सुनावतो, त्याचं ते गाणं. माहवाचा फोर्डचा कारखाना खरोखरच १९८० मध्ये बंद झाला होता.