चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय? वेळीच सावध व्हा!

गोष्ट २०१८ सालच्या मे महिन्यातली. आमच्या सोसायटीचे वार्षिक हिशेब माझ्याकडे होते. सुट्टीला आलेल्या भाच्याला पावती पुस्तक घेऊन बसवले होते. तो आकडे वाचायचा, मी वहीत उतरवायचो. बेरीज काही जुळेना. पाचशे रुपयांचा फरक येत होता. तिसऱ्यांदा तपासताना चूक सापडली. पावतीवर इंग्रजी आकड्यांत ३५० लिहिले होते, त्याने ८५० वाचले होते. मी चिडलो. "बारावीला गेलास आणि तीन-आठ ओळखता येत नाही?" तो खाली मान घालून म्हणाला, "मामा, मला एका आकड्याच्या दोन-दोन सावल्या दिसतात."

मला वाटले, कामाचा कंटाळा आला म्हणून बहाणा करतोय.

दोन वर्षांत त्याचा चष्मा तीनदा बदलला होता. चष्मेवाला म्हणायचा, हा नियमित लावत नाही. शिक्षक म्हणायचे, फळ्यावरचे उतरवून घेत नाही. ताई मोबाइलला दोष द्यायची. दर उन्हाळ्यात त्याच्या डोळ्यांना खाज सुटायची आणि तो मुठीने डोळे खसाखसा चोळायचा. मेडिकलवाल्याने दिलेले थेंब घालून वेळ मारून नेली जायची. प्रत्येकाकडे कारण होते आणि प्रत्येक कारणात दोष मुलाचाच होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही वस्तीत नेत्रतपासणी शिबिर घेतले. भाचा स्वयंसेवक म्हणून आला होता. दुपारी गर्दी ओसरल्यावर डॉक्टरबाईंनी सहज त्यालाही बसवले. डोळ्यात उजेड टाकला आणि त्या थबकल्या. आतली सावली सरळ न सरकता कात्रीसारखी हलत होती. "याच्या बुबुळाची टोपोग्राफी करून घ्या, उशीर करू नका," त्या म्हणाल्या. आठवड्याने अहवाल हाती आला. आजाराचे नाव केराटोकोनस. उजवा डोळा बराच पुढे गेलेला, डाव्यात नुकती सुरुवात.

हा आजार आहे तरी काय?

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम हा पडदाच करतो. त्यामुळे त्याचा आकार जरा बिघडला तरी नजर बिघडते.

केराटोकोनसमध्ये हा पडदा पातळ व कमकुवत होतो आणि शंकूसारखा पुढे येतो. मांडवाच्या कापडाचा ताण गेला की मध्ये झोळ येतो ना, तसेच काहीसे. त्यामुळे प्रकाश एका ठिकाणी जमत नाही. अक्षरांना सावल्या दिसतात, रस्त्यावरच्या दिव्यांना शेपट्या फुटतात, सिलिंड्रिकल नंबर वाढत जातो. चष्म्याची काच कितीही बदलली तरी वेडावाकडा पडदा तिने सरळ होत नाही.

ब्रिटिश डॉक्टर जॉन नॉटिंगहॅम यांनी १८५४ साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले. तो बहुधा किशोरवयात सुरू होतो आणि तिशीच्या आसपासपर्यंत वाढत राहतो. काही घराण्यांत तो एकापेक्षा अधिक जणांना होतो. ॲलर्जी आणि डोळे चोळण्याची सवय यांचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. मोबाइल किंवा अभ्यासाने तो होत नाही.

आधी थांबवणे, मग सुधारणे

डॉक्टरांनी समजावलेली एक गोष्ट प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी. आजार वाढू न देणे हा एक उपचार आणि बिघडलेली नजर सुधारणे हा दुसरा.

वाढ थांबवण्यासाठी सी-थ्री-आर, म्हणजे क्रॉसलिंकिंग, करतात. जर्मनीतील ड्रेस्डेनमध्ये ही पद्धत विकसित झाली आणि रुग्णांवरील पहिले निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. डोळ्यात रायबोफ्लेविनचे, म्हणजे 'ब-२' जीवनसत्त्वाचे थेंब घालतात व ठरावीक वेळ अतिनील किरण सोडतात. त्याने पडद्यातील तंतूंची वीण घट्ट होते. मूळ पद्धतीत थेंबांना अर्धा तास आणि किरणांना अर्धा तास लागतो. नंतर काही दिवस डोळा दुखतो, पाणी येते. मात्र हा उपचार मुख्यतः आजार थांबवतो. गेलेली नजर त्याने पूर्ण परत येईल अशी आशा धरू नये.

नजर सुधारण्यासाठी आधी चष्मा, मग आरजीपी किंवा स्क्लेरल नावाच्या खास कॉन्टॅक्ट लेन्स वापरतात. लेन्स सोसत नसेल किंवा पुरेसे दिसत नसेल, तर रिंगचा विचार होतो. पडद्यावर दाट व्रण पडला असेल तर रिंगचा उपयोग नाही, तेव्हा कॉर्निया रोपण करावे लागते.

रिंग कशी बसवतात?

रिंग म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे बारीक, कमानीसारखे तुकडे. मोतीबिंदूवर पहिली कृत्रिम लेन्स १९४९ साली हॅरोल्ड रिडले यांनी बसवली, ती याच जातीच्या प्लास्टिकची होती. हे प्लास्टिक डोळ्याला सोसते. या रिंगा मुळात लहान नंबर घालवण्यासाठी होत्या. केराटोकोनससाठी फ्रान्सचे डॉ. जोसेफ कोलँ यांनी त्या १९९७ साली वापरल्या. अमेरिकेत या आजारासाठी २००४ साली परवानगी मिळाली.

डोळ्यात बधिर करणारे थेंब घालून पडद्याच्या जाडीतच, कडेच्या बाजूला, लेसरने किंवा बारीक हत्याराने गोल बोगदा करतात. परकराच्या नेफ्यात नाडी सरकवावी तशी रिंग त्यात सरकवतात. कडेला हा आधार मिळाला की मधला फुगवटा काहीसा सपाट होतो. शस्त्रक्रिया थोड्या वेळाची असते. गरज पडल्यास रिंग काढता किंवा बदलता येते.

पण हा चमत्कार नाही. आजार मुळापासून जात नाही, चष्मा बहुधा लागतोच. रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. क्वचित जंतुसंसर्ग होतो किंवा रिंग बाहेर सरकते. बोगद्याच्या जागी पडदा पुरेसा जाड हवा.

चेन्नईच्या डॉ. सूसन जेकब यांनी प्लास्टिकऐवजी दान मिळालेल्या कॉर्नियाचेच तुकडे वापरण्याची पद्धत २०१८ साली प्रसिद्ध केली. म्हणजे येथेही नेत्रदान कामी येते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ते व्हावे लागते. चष्मा असलेले आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेलेही नेत्रदान करू शकतात.

खर्चाचे काय?

ताईचा पहिला प्रश्न हाच होता. आम्ही खर्चाचा अंदाज लेखी मागितला. त्यात रिंगची किंमत, शस्त्रक्रिया आणि नंतरच्या तपासण्या वेगवेगळ्या लिहून घेतल्या. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ही योजना मंजूर केली. रेशनकार्ड व तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तेथील वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे. संकोच करू नये. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.

भाच्याचे पुढे काय झाले?

त्याच नोव्हेंबरात उजव्या डोळ्याला रिंग व सी-थ्री-आर दोन्ही झाले. पूर्वी चष्मा लावूनही त्या डोळ्याने तक्त्यावरच्या वरच्या दोनच ओळी दिसायच्या. काही महिन्यांनी तो चष्म्यासह पाचवी ओळ वाचू लागला. डाव्या डोळ्याला नुसते सी-थ्री-आर पुरले, कारण तो लवकर सापडला. उजवाही तसाच सापडला असता, तर कदाचित रिंगची वेळ आली नसती. त्या दोन वर्षांत आम्ही त्याला रागावत होतो, ही टोचणी मला अजून आहे. आज तो एका खासगी कंपनीत हिशेबाचेच काम करतो. रात्री गाडी मात्र चालवत नाही.

पालकांना एवढेच सांगणे आहे. मुलाचा नंबर वर्षात दोनदा बदलला, सिलिंड्रिकल नंबर वाढत राहिला किंवा चष्म्यानेही स्पष्ट दिसत नसेल, तर चष्म्याच्या दुकानातून परत न फिरता नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि टोपोग्राफीबद्दल विचारा. घरात एकाला हा आजार असेल तर भावंडांनाही तपासा. मुलांना डोळे चोळू देऊ नका. खाजेसाठी दुकानातून परस्पर थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर दीर्घ वापराने काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो. नंबर घालवण्यासाठी लेसर करायचे असेल, तर आधी हा आजार नसल्याची खात्री करा. आजार असताना लेसर केले तर पडदा आणखी कमकुवत होतो.

आणि मूल म्हणाले की मला नीट दिसत नाही, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा.