लहान संगणक अवचित कां थांबतो ?

ठिबकाच्या झडपा नेमल्या वेळीं उघडण्यास व जमिनीचा ओलावा टिपण्यास रास्पबेरी पाय हा एकाच पाटीवरील लहान संगणक शेतावर उपयोगी पडतो. गांवची वीज बेभरंवशाची, म्हणून त्यास १२ व्होल्टची बॅटरी व ५ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर जोडण्याची योजना कित्येक बंधु स्वतःच करितात. असा संगणक रात्रीं अवचित बंद पडला कीं पाण्याची पाळी चुकते, आणि मालक घाईनें एकामागून एक भाग बदलूं लागतो. तसें न करितां प्रथम एकाच गोष्टीचा निर्णय करावा : संगणक विजेअभावीं पडला, कीं हुकुमानें थांबला ?

याचा पुरावा त्याच्या रोजकीर्दींत मिळतो. ती कार्डावर कायम राहील अशी तजवीज आधींच करून ठेवावी, व संगणक पुन्हां सुरू केल्यावर मागील खेपेचीं शेवटचीं कलमें वाचावीं. कामें क्रमानें आटोपल्याची नोंद असल्यास हुकूम झाला असें समजावें. लिखाण मध्येंच तुटलें असल्यास बहुधा वीज तुटली.

वीज तुटली असल्यास विद्युद्दाब मोजावा. सन २०१९ मध्यें निघालेल्या रास्पबेरी पाय ४ यास ५.१ व्होल्ट व ३ अँपियरचा पुरवठा सांगितला आहे. दाब सुमारें ४.६३ व्होल्टखालीं गेल्यास तो उणेपणाची नोंद करितो. मीटर कन्व्हर्टरपाशीं न लावतां पाटीपाशीं लावावा, व तोही पूर्ण भार असतां. तारेंत व सांध्यांत मिळून ०.२ ओहम रोध असला, तरी ३ अँपियरला ०.६ व्होल्ट वाटेंतच खर्च होऊन ५.१ चे ४.५ उरतात. जाड व आंखूड तार आणि घट्ट आवळलेले स्क्रू हा यावर उपाय होय.

हुकूम झाला असल्यास बॅटरी उतरल्याची खूण आणणारी तार तपासावी. बहुधा ही खूण पिनेवरील दाब खालीं नेऊन दिली जाते. तार ढिली होऊन पिन अधांतरीं राहिली, किंवा तार पंपाच्या स्टार्टरजवळून गेली, तर खोटी खूण उमटते. अशा पिनेस १० किलोओहमच्या रोधकांतून ३.३ व्होल्टचा आधार द्यावा; ५ व्होल्टचा कदापि देऊं नये, त्यानें पाटी जळण्याची भीति आहे. शिवाय खूण ५ सेकंद टिकली तरच हुकूम मानावा, असें प्रोग्रॅममध्यें लिहावें.

कित्येक जण कंटाळून ही तारच काढून टाकितात. तें अनिष्ट होय. मग बॅटरी खरोखर उतरली म्हणजे लेखन चालू असतां वीज तुटते व कार्डावरील नोंदी बिघडतात. फेरफार एका वेळीं एकच करावा व तारीख घालून वहींत टिपावा. दोन एकदम केल्यास दोष कोणत्यानें गेला हें कळत नाहीं, आणि तो पुन्हां उद्भवल्यास शोध मुळापासून करावा लागतो.