दीड महिन्याच्या डोसाआधी

जन्मतः ऐकू न येणारं लेकरू नुसतं पाहून ओळखता येत नाही. ते रडतं, हसतं, पहिले काही महिने हुंकारतंही. घरात थाळी वाजवून पाहतात. वाजवणाऱ्याचा हात दिसला की ते वळतं आणि घरचे निर्धास्त होतात. मग ‘बोलेल उशिरा’ म्हणत दोन वर्षं निघून जातात, आणि भाषा रुजण्याचा काळ नेमका तोच असतो. बहिरेपण सहा महिन्यांच्या आत कळलेल्या मुलांची भाषा उशिरा कळलेल्यांपेक्षा बरीच पुढे असते, हे कोलोरॅडोतल्या क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांच्या १९९८च्या अभ्यासाने दाखवलं. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हा दंडक त्यातूनच पक्का झाला.

ही तपासणी हातात मावणाऱ्या ओएई मशीनने होते. मऊ रबरी टोक कानात बसवलं की मशीन बारीक आवाज सोडतं आणि उत्तराची वाट पाहतं. धडधाकट कान खरोखरच उत्तर देतो. आतल्या कानातल्या बाह्य केसपेशी आवाजाबरोबर आखडतात, लांबतात, आणि त्यातून अतिशय क्षीण ध्वनी उलटा बाहेर येतो. लंडनच्या डेव्हिड केंप यांनी तो १९७८मध्ये नोंदवला. लेकराने काहीच करायचं नसतं. झोपलेलं असलं तर उत्तमच. मात्र कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतला दोष या मशीनला दिसत नाही. तीव्र काविळीतून किंवा नवजात अतिदक्षता कक्षातून बाहेर आलेल्या बाळांना म्हणूनच डोक्याला इलेक्ट्रोड लावणारी बेरा तपासणी हवी. तीन इलेक्ट्रोडवर चालणारं ‘सोहम’ हे त्या प्रकारचं देशी मशीन २०१७मध्ये आलं. सरकारी चौकटही आहे: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला सुरू झाला आणि जन्मजात बहिरेपण त्याच्या यादीत आहे.

प्रश्न उरतो तो मशीन कुठे ठेवायचं याचा. रूढ उत्तर आहे प्रसूती कक्ष. अकोल्यासारख्या जिल्ह्यात तेवढ्यावर थांबणं चुकीचं ठरेल. पहिल्या दिवशी बाळाच्या कानात चिकट द्रव असतो, त्यामुळे चांगले कानही ‘पुन्हा तपासा’ यादीत जातात. मशीनने शंभरात पाच बाळं पुढे पाठवली तर हजारात पन्नास होतात. खरं जन्मजात बहिरेपण हजारात साधारण एक ते तीन. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, पत्ता माहेरचा लिहिला जातो, आणि पुन्हा बोलावलेली आई तोवर सासरी गेलेली असते. दीड महिन्याच्या डोसाला मात्र आशाताई घरी जाऊन बोलावते, जिथे बाळ असेल तिथे. मशीन त्या लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत असावं, आणि तपासणी सुईच्या आधी व्हावी. सुईनंतर रडणाऱ्या लेकराच्या कानातून काही ऐकू येणार नाही.

यावर आक्षेप येईल की महिन्याची मुदत हुकते आणि रुग्णालयात हाताशी असलेली बाळं सोडून द्यावी लागतात. सोडायची नाहीतच, तिथे जमेल तेवढी तपासावीत. पण तिथे ‘पुन्हा तपासा’ यादीत अडकलेलं आणि तिथे न जन्मलेलं, दोन्ही लेकरांना दीड महिन्याला दुसरी संधी मिळते, आणि निदानाला तिसऱ्या महिन्यापर्यंत सहा आठवडे हातात राहतात. महिन्यात तपासून नंतर हरवलेल्या बाळापेक्षा दीड महिन्यात तपासून सापडलेलं बाळ मला मोलाचं वाटतं.

मशीनचा खरा वैरी आहे आवाज. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो. कूलर चालू ठेवला तर त्याच्या घरघरीत कानाचं उत्तर बुडतं. बंद केला तर लेकरू घामेजून रडतं. त्या दिवसांत सत्र सकाळी लवकर घेणं आणि तपासणीपुरता कूलर थांबवणं एवढाच व्यवहार्य मार्ग दिसतो. रबरी टोकं हरवतात, कानातल्या मळाने बुजतात. यंत्राचं कॅलिब्रेशन दरवर्षी करावं लागतं आणि त्यासाठी ते बाहेर पाठवावं लागतं. बदली मशीन नसेल तर तेवढे दिवस तपासणी बंद.

त्याहून अवघड आहे पुढचं. नुसता निकाल हाती देऊन आईला घरी पाठवणं हा अन्याय आहे. श्रवणयंत्र मिळतं, केंद्राच्या ॲडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटलाही मदत होते, आणि त्या कामाची सूत्रं वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे आहेत. पण शस्त्रक्रिया एकदाच होते, वाचा-उपचार मात्र कित्येक वर्षं, आठवड्यामागून आठवडे चालतात. मजुरी बुडवून दर वेळी जिल्ह्याच्या गावी येणं कापूस वेचणाऱ्या आईला परवडत नाही. एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज योजनेच्या खर्चात धरला पाहिजे. अकोट, तेल्हाऱ्याच्या सातपुडा पायथ्याशी कोरकू बोलणारी घरं आहेत. तिथे उपचार मराठीतून झाले, तर घरी सराव घेणाऱ्या आईची भाषा एक आणि लेकराला शिकवलेली दुसरी, अशी गत होते. म्हणून कोरकू जाणणाऱ्या आशाताईंनाच या सरावाचं प्रशिक्षण आणि त्याचं वेगळं मानधन द्यावं लागेल.