जीवशास्त्र घेतलं म्हणून गणित सोडू नका

दहावीचा निकाल लागला की बेलपाडा, खारघर, तळोजा परिसरातल्या घराघरांत अकरावीची चर्चा सुरू होते. मुलीला डॉक्टर व्हायचं असेल तर नातलग सल्ला देतात, ‘नीटला गणित लागत नाही, मग कशाला उगाच ओझं? सोडून दे.’ अम्मी-अब्बाही मान डोलावतात. सल्ला प्रेमाचा असतो, पण त्याने एक मोठा दरवाजा बंद होऊ शकतो.

गणित आणि जीवशास्त्र यांचं नातं आपल्या मुंबईशीही जोडलेलं आहे. १९०५-०६ मध्ये इथे प्लेगची साथ होती. दर आठवड्याच्या मृत्यूंची नोंद ठेवली गेली. पुढे १९२७ मध्ये केरमॅक आणि मॅककेंड्रिक या दोघांनी साथ कशी पसरते याची समीकरणं मांडली आणि ती पडताळायला हेच आकडे घेतले. मॅककेंड्रिक भारतात काम केलेले डॉक्टर. सगळ्यांना लागण होण्याआधीच साथ का ओसरते, हे या समीकरणांतून उलगडलं. कोरोनाच्या काळात अंदाज बांधतानाही हीच रीत कामी आली. आज खारघरच्या ‘अॅक्ट्रेक’सारख्या कर्करोग संशोधन केंद्रातही आकडेमोडीशिवाय पान हलत नाही.

म्हणूनच काही संस्था हे विषय पदवीपासूनच एकत्र शिकवतात. पुण्याच्या ‘आयसर’मध्ये (स्थापना २००६) पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात सुरुवातीला सर्वांनाच भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित शिकावं लागतं. कालिन्याला मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभागाचं २००७ साली सुरू झालेलं केंद्रही याच वाटेने जातं. तिथला प्रवेश ‘नेस्ट’ परीक्षेतून, आयसरचा स्वतःच्या परीक्षेतून होतो. आयसरच्या परीक्षेत चारही विषयांचे प्रश्न असतात. बारावीला त्यांतले तीन विषय असलेल्यांनाही ती देता येते. पण गणित सोडलेल्या मुलीला तो भाग जड जातो. नियम बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचं माहितीपत्रक जरूर पाहावं.

आपल्यासाठी हे नवं नाही. ‘कानून’सारखा वैद्यकग्रंथ लिहिणाऱ्या इब्न सीना यांनी ‘शिफा’ या ग्रंथात भूमिती आणि अंकगणितालाही जागा दिली होती.

मुलाला गणित खरंच झेपत नसेल तर जबरदस्ती नको. पण जमत असेल, तर केवळ ‘लागत नाही’ म्हणून ते सोडू नका. नीटमध्ये यश मिळालं तर अल्हमदुलिल्लाह. नाही मिळालं, तरी दुसरी वाट खुली राहील.